बेल जात होती



या ग्रुपवर वाड्यांच्या, गणपतीच्या, शाळेतल्या मास्तरांच्या आठवणी येतात, त्या मी आवडीनं वाचतो. आज मी टेलिफोनच्या तारेबद्दल लिहिणार आहे. विषय जरा रुक्ष आहे, पण या तारेवरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालली होती. माझ्या वयाच्या पुष्कळांकडे ती आजही चालू असेल, म्हणून लिहितो.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारच्या बाजूला. आजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारकुनीला आले ते इथलेच झाले. घर जुनं, सागवानी खांबांचं, भिंती दीड-दोन फूट जाड. वडिलांनी टेलिफोनसाठी अर्ज केला 1979 मध्ये आणि फोन आला 1988 मध्ये. नऊ वर्षं. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगा झाला, बँकेत दोन बदल्या झाल्या, पण नंबर काही लागेना. शेवटी काळा, जड, तबकडीचा फोन आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि वडिलांनी पहिला फोन लावला ग्वाल्हेरला, ताईकडे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, लश्करमध्ये दिलेली. त्या दिवसापासून तो फोन ताईचा आणि आमचा. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. सगळं घर पेंगत बसलेलं असायचं, वडील हातात घड्याळ घेऊन उभे, आणि आई मधेच म्हणायची, "पुरे आता, तिलाही झोपू दे."

पुढे भोवती सगळं बदललं. तबकडी जाऊन बटणं आली. नंबरापुढे एकेक आकडा लागत लागत तो सात आकडी झाला. वडील गेले, आई गेली, ग्वाल्हेरला भाऊजीही गेले. ताई आज 83 वर्षांची आहे. भाच्यानं तिला मोबाइल घेऊन दिलाय, तो कपाटात साड्यांखाली असतो. तिला दोनच नंबर पाठ आहेत, एक स्वतःचा आणि एक आमचा. दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की नऊच्या सुमारास ती फोन लावते. आमच्याकडे रविवारी नऊ वाजता कोणी न्हाणीघरात जात नाही.

तर 2023 च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता. फराळाला बसलो असताना म्हणाला, "बाबा, ही तांब्याची लाइन काढून टाका. फायबर घ्या."

मी विचारलं, "का? चालतंय की."

चालत होतं म्हणजे काय, तर त्याच टेलिफोनच्या तारेवरून 2010 पासून इंटरनेटही येत होतं. आम्हा दोघांना पेपर वाचायला, बँकेचं खातं बघायला आणि हिला रात्री भजनं ऐकायला तेवढं पुरे होतं. मुलानं लॅपटॉपवर मोजून दाखवलं. उतरण्याचा वेग साडेसहा एमबीपीएस आणि चढण्याचा एकालाही कमी. त्यानं समजावून सांगितलं ते इथे लिहितो, कारण मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. आपण जे बघतो, वाचतो ते खाली उतरतं. आपला चेहरा आणि आवाज पलीकडे जायचा तर तो वर चढावा लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात तो उतरण्याचा आकडा. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजपासून जितकं लांब जावं तितका वेग पडत जातो आणि चढण्याची वाट मुळातच अरुंद ठेवलेली असते. फायबरला त्या लांबीचा गावातल्या गावात काही फरक पडत नाही, आणि बहुतेक ठिकाणी चढ-उतार सारखाच मिळतो.

हे सगळं मला पटलं. तरी मी नाही म्हणालो. कारण सांगितलं ते असं. तांब्याच्या फोनला घरची लाइट लागत नाही. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असते, तिथून 48 व्होल्ट तारेवरूनच येतात. गावात अंधार असला तरी फोन जिवंत. 2005 च्या पुरात आमच्याकडे दीड दिवस लाइट नव्हती, फोन चालू होता. 2019 ला 31 जुलैला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पाऊस पडला, तेव्हाही खरखरत का होईना, चालला. फायबरच्या काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. घरातल्या त्या डबीला घरचीच लाइट लागते. लाइट गेली की डबी मेली आणि तिच्यावरचा फोनही मेला.

"उद्या रात्री-बेरात्री तुझ्या आईला काही झालं आणि लाइट नसली तर?" मी म्हणालो.

मुलगा गप्प बसला. मुद्दा बिनतोड होता आणि मी खूश होतो. खरं सांगायचं तर त्या खुशीत थोडा जुना हिशेबही होता. 1980 नंतरच्या दशकात बँकेत कंप्युटरची भाषा सुरू झाली तेव्हा आम्ही युनियनवाले काळ्या फिती लावून उभे होतो. पुढे तीच मशिनं आली, मीच ती शिकलो आणि दुसऱ्यांना शिकवलीही. त्यामुळे घरात कोणी नवीन काही म्हटलं की माझ्याकडे आधी बोट जातं, "यांचं नाही म्हणणं म्हणजे अजून दोन वर्षं." या वेळी तरी माझ्या बाजूला 48 व्होल्ट होते.

जानेवारी 2024 मध्ये हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा तीन आठवडे राहायचं ठरवून आला. ऑफिसनं घरून काम करायची परवानगी दिली होती. वरच्या खोलीत त्यानं टेबल मांडलं. पहिल्या दिवशी मीटिंग सुरू झाली आणि तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलताना ऐकू यायला लागला, "आता ऐकू येतंय का? आता?" दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या नेटवर काम करून बघितलं, पण आमच्या भिंती अशा की खिडकीत उभं राहिलं तरच सिग्नल. तिसऱ्या दिवशी तो गोत्रीला चुलतभावाच्या फ्लॅटवर जाऊन बसला. सकाळी नऊला जायचा, रात्री आठला यायचा. आईचा व्यायाम घेणारी बाई यायची तेव्हा तो नसायचा. सहाव्या दिवशी म्हणाला, "बाबा, असं करण्यापेक्षा मी पुण्याला जातो आणि शनिवार-रविवार येतो." गेला. आलाही दोन शनिवार. हिनं मला काही म्हटलं नाही. फक्त वॉकर घेऊन चालताना वरच्या खोलीकडे एकदा बघितलं, ते मी बघितलं.

तरीही मी हललो नाही. माणूस आपल्या मुद्द्याला किती चिकटून बसतो याचं मला आता नवल वाटतं.

मग ऑगस्ट आला. 26 तारखेला जन्माष्टमी होती. सकाळपासून पाऊस कोसळत होता. आजवा सरोवरातून पाणी सोडावं लागलं, विश्वामित्री चढत गेली आणि 35 फुटांच्याही वर गेली. बडोद्याच्या मंडळींना सांगायला नको, समा, फतेगंज, अकोटा, सगळीकडे पहिले मजले पाण्यात, रस्त्यावर मगरी. आमच्या गल्लीत पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं, त्या मानानं आम्ही सुखरूप. पण सुरक्षेसाठी लाइट बंद केली होती ती आलीच नाही. इन्व्हर्टर पहिल्या रात्री बाराला संपला. मोबाइल दुसऱ्या सकाळी. शेजारच्या पटेलकाकांचा चालू होता, पण टॉवरच बंद पडला असावा, नेटवर्क येईना.

मी शांत होतो. हिला म्हटलं, "आपला काळा फोन आहे ना." (आता तो काळा नाही, दुधी रंगाचा आहे, पण घरात नाव तेच.) उचलला. कानाला लावला. आत काहीच नव्हतं. खरखर नाही, डायल टोन नाही. रिकाम्या तांब्यात कान घालावा तसं.

पायानं चाचपडत जाऊन मी खालचा जोड बघितला, प्लग काढून पुन्हा घातला. वीस वेळा तरी उचलून बघितला असेल. रात्री ही म्हणाली, "अहो, झोपा आता. सकाळी बघू."

आम्हाला काही झालं नव्हतं. घरात तांदूळ-डाळ होती, गॅस होता, वर टाकीत पाणी होतं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, मी कोपऱ्यापर्यंत गेलो, एका दुकानदाराच्या जनरेटरवर मोबाइल थोडा चार्ज केला आणि मुलाला फोन लावला. पहिल्या बेललाच उचलला.

"बाबा?"

"हो रे. ठीक आहोत. दोघं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, कटला. मग म्हणाला, "बाबा, लँडलाइनची बेल जात होती."

मला कळेना. म्हटलं, "अरे, तो बंद आहे परवापासून."

"बेल जात होती. मी दोन दिवस लावतोय. दर अर्ध्या तासानं. बेल पूर्ण जाते आणि कोणी उचलत नाही. मोबाइल दोघांचे बंद. मला वाटलं..." पुढे तो बोलला नाही.

पुण्याहून निघण्याचाही त्यानं प्रयत्न केला होता. बडोद्यावरून जाणाऱ्या गाड्या रद्द होत होत्या. रस्त्यानं यायचं तर हायवेवर पाणी. त्याच्या बायकोनं त्याला थांबवून धरलं होतं. ग्वाल्हेरहून ताईनंही फोन लावला होता. तिलाही बेल ऐकू आली आणि तिनं भाच्याला सांगितलं, "बाळ घरात नाहीये, कुठेतरी सुरक्षित ठिकाणी गेला असणार." ताईचा स्वभाव तसा, तिला बरंच सुचतं. मुलाला वाईटच सुचलं.

पंधरा दिवसांनी लाइनमन आला. वयानं माझ्यापेक्षा थोडाच लहान, कंत्राटावर परत घेतलेला. गल्लीच्या तोंडाशी जमिनीवरचा लोखंडी डबा उघडून दाखवला त्यानं. आत हिरवा गंज. मी त्याला विचारलं, फोन मेलेला असताना तिकडे बेल कशी जायची? तो म्हणाला, "साहेब, दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर पलीकडच्याला एंगेज ऐकू आलं असतं. तुमची तार सुटली होती. एक्स्चेंजला काय माहीत घरी फोन आहे की नाही? ते आपलं बेल पाठवत राहतं, आणि फोन लावणाऱ्याला बेलचा आवाज ऐकवत राहतं."

पस्तीस वर्षं बँकेत घालवल्यावर हे मला लगेच समजलं. समोरच्या शाखेत पैसे जमा झाले की नाही याची खातरजमा न करता काउंटरवरून "झालं" म्हणून सांगायचं, तसं ते.

त्यानं तार जोडून दिली. आठ दिवसांत पुन्हा खरखर सुरू झाली. तो स्पष्टच बोलला, "जमिनीतली केबल पाण्यानं कुजत आलीये. मोकळी जोडी शिल्लक नाही. नवीन तांबं आता कोणी टाकत नाही साहेब. फायबरच घ्या. काचेला गंज नाही लागत. आणि एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मधे कुठे वीज लागणारी पेटीच नाही, उजेड नुसता वाटला जातो."

आता मी मनानं तयार होतो. पण अर्जावर सही करण्याआधी चौकशी करायची सवय जात नाही. मी कर्जाचा प्रस्ताव तपासावा तसा कागद घेऊन बसलो.

गल्लीत तीन जण फायबर देत होते. केबलवाल्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी लावून द्यायला तयार होता. "काका, कालेज आवीने नाखी जाउं," म्हणजे उद्याच येऊन टाकतो. महिना 499 रुपये, 50 एमबीपीएस. यात दोन गोष्टी मी लाल पेनानं लिहिल्या. एक, 499 वर 18 टक्के जीएसटी धरला की 588 रुपये 82 पैसे होतात, आणि वर्षाचे 7065 रुपये 84 पैसे. सहा महिन्यांचे आगाऊ भरले तर डबी फुकट, नाहीतर अनामत. दोन, 50 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 50 एमबी नव्हे. तिथे बिट मोजतात आणि आपण फाइल मोजतो ती बाइटमध्ये. आठानं भागायचं, सव्वासहा एमबी. यात फसवणूक कोणाची नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही कोणी नाही. त्याशिवाय महिन्याला अमुक जीबी वापरले की वेग उतरतो, ती अट सगळ्यात बारीक अक्षरात. आम्हा दोघांचा वापर बघता त्याची काळजी नव्हती.

खरी अडचण निघाली नंबरची. मी केबलवाल्याच्या मुलाला विचारलं, "माझा हाच नंबर तुझ्या डबीवर येईल ना? मोबाइलचा येतो तसा?" तो म्हणाला, "काका, मोबाइलमां थाय, लँडलाइनमां न थाय." मी दुसऱ्या कंपनीत विचारलं, तिथेही तेच. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. घरच्या फोनला आपल्याकडे ती सोय नाही. कंपनी बदलली की नंबर गेला.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना बाबा. नंबर काय करायचाय? आत्याला नवीन देऊ लिहून."

ताईला नवीन नंबर लिहून देता येईल, हे खरं. फोनजवळ मोठ्या अक्षरात चिकटवता येईल. पण तिला आता दिसतंही कमी. तिची बोटं तो नंबर लावतात, डोळे लावत नाहीत. गेल्या पाच वर्षांत ती माझ्या नातीचं नाव दोनदा विसरली, रविवार कधी विसरली नाही. मी म्हटलं, नंबर गेला तर फायबर नको. यावर मात्र घरात मला कोणी हट्टी म्हटलं नाही. ही उलट म्हणाली, "हे बरोबर बोललात."

म्हणून मी जुन्याच कंपनीच्या कार्यालयात गेलो. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसरीला आधारची झेरॉक्स हवी होती, तिसरीला काम झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं, त्यांच्याच तांब्यावरून त्यांच्याच फायबरवर गेलं तर नंबर तोच राहतो, फक्त अर्जात तसं लिहायचं, नाहीतर नवा नंबर लागतो. मी अर्जात ते वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यांचा वेग केबलवाल्यापेक्षा कमी, 30 एमबीपीएस, आणि लावायला तीन आठवडे लागले. मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, तुझ्या मीटिंगला 30 पुरतं की नाही ते सांग. म्हणाला, "पुरतं. चढायलाही 30 असेल तर भरपूर पुरतं."

लाइटचा प्रश्न राहिला होताच. त्यासाठी डबीच्या मागे ठेवायचा एक छोटा यूपीएस मिळतो, जेवणाच्या डब्याएवढा. मोठ्या इन्व्हर्टरवरून पंखे-दिवे काढून टाकले आणि फक्त डबी आणि फोन ठेवला तर आणखी बरेच तास. मी एका रविवारी दुपारी मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बसलो. छोटा यूपीएस तीन तास दहा मिनिटं चालला. दोन दिवसांच्या पुराला तेवढ्यानं काही होत नाही, हे मी वहीत लिहून ठेवलंय. 48 व्होल्ट ते 48 व्होल्टच, त्याची बरोबरी नाही.

दिवाळीच्या आधी दहा दिवस दोन पोरं शिडी घेऊन आली. खांबावरून काळी बारीक केबल आणली. भिंतीला भोक पाडायचं तर कुठे, यावर अर्धा तास गेला. सगळ्यात जवळची जागा देवघराची भिंत. ही म्हणाली, "देवांच्या मागून नको." मग खिडकीच्या चौकटीच्या वर पाडलं. ड्रिलचं पातं आमच्या भिंतीत पुरेना, पोरगा शेजारून लांब पातं मागून घेऊन आला. केबलचं टोक सोलून त्यानं आतली काच दाखवली. केसाएवढी. मशिनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवून वितळवून जोडली. त्याच्या पडद्यावर ती बांबूएवढी जाड दिसत होती. मी विचारलं, "वाकवली तर तुटेल?" म्हणाला, "गाठ नका मारू काका. गोल वळवा, मोठी." हिनं लगेच ती जास्तीची केबल पापडाच्या डब्याएवढ्या गोलाकारात गुंडाळून खिळ्याला अडकवली. आजही तशीच आहे.

डबी माजघरात ठेवली. वाय-फाय वरच्या खोलीत पोचेना, त्या भिंतींपुढे कोणाचं काय चालणार. शेवटी जिन्याच्या कडेनं वीस मीटर तार वर नेली आणि तिथे दुसरी डबी लावली. त्याचे चौदाशे रुपये वेगळे. हा खर्च कोणी आधी सांगत नाही, जुन्या घरातल्या मंडळींनी धरून चालावा.

मग रविवार आला. सव्वानऊला बेल वाजली. मी उचलला. "हॅलो, ताई."

"कोण बोलतंय?"

"मी. बाळ."

"कोण?" आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी पुन्हा बेल. या वेळी मी घाईनं म्हटलं, "ताई, ठेवू नकोस, मीच आहे, तार बदललीये."

ती म्हणाली, "अरे, आवाज केवढा स्वच्छ! मला वाटलं, रेडिओवाला कोणीतरी आहे. तुझा आवाज असा कुठे असतो?" पस्तीस वर्षं खरखरीतून ऐकलेला भाऊ तिला खरखरीशिवाय ओळखू येईना. मग तिनं हिला बोलावलं, हिचाही आवाज तपासून घेतला. दोन-तीन रविवार ती सुरुवातीला विचारायची, "बाळच ना?" आता विचारत नाही.

मुलगा संक्रांतीला आला तो सतरा दिवस राहिला. सून आणि नात पहिला आठवडा होत्या. हे मी काही विजयाचं सांगत नाही. दिवसभर वरच्या खोलीचं दार बंद असायचं. आम्हाला तो दिसायचा दुपारी पंधरा मिनिटं आणि रात्री जेवायला. ही दहा वाजता चहा घेऊन जिना चढायची, गुडघ्याला ते बरंच आहे म्हणायची, आणि दाराबाहेर ठेवून यायची, कारण आत कोणीतरी इंग्रजीत बोलत असायचं. पण चहाचा रिकामा कप खाली यायचा. घरात कोणीतरी आहे, एवढं कळत होतं.

उत्तरायणाला बडोद्यात काय होतं ते बडोदेकरांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, 14 आणि 15 जानेवारी सगळं गाव गच्चीवर असतं, आणि कटलेल्या पतंगाच्या दोऱ्यासाठी पोरं जिवाचं रान करतात. 15 ला, वासी उत्तरायणाच्या दुपारी, समोरच्या गच्चीवरच्या कोणीतरी आमच्या केबलला अडकलेला दोरा जीव खाऊन ओढला. आम्ही गच्चीवरच होतो. डोळ्यांदेखत काळी केबल खांबापासून सुटून लोंबायला लागली. काच पाजलेल्या मांज्यानं काचेची तार तोडली.

खाली जाऊन बघितलं तर डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. एलओएस असं त्याच्याखाली लिहिलंय, उजेड येत नाही असा त्याचा अर्थ. मुलाची चारला मीटिंग होती, ती त्यानं खिडकीत उभं राहून मोबाइलवर उरकली. मी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी माणूस येईल म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा गच्चीवर गेलो. अंधार पडायला लागला होता, लोक तुक्कल सोडायच्या तयारीत होते. मुलगा कठड्याला टेकून उभा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला, काहीतरी लावलं आणि कानाला धरला. मी विचारलं, "कोणाला?"

त्यानं फोन कानावरून काढून स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. आतून एक बाई सांगत होती, आपण लावलेला नंबर सध्या उपलब्ध नाही. आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. आमचाच नंबर होता.

तीनही भाषा होईपर्यंत आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.

"बेल जात नाहीये, बाबा," तो म्हणाला.

खालून ही हाक मारत होती, उंधियू गार होतोय म्हणून.